पहाटेच्या लो-बँडला ‘व्हर्टिकलच हवी’ हे खरं नाही

नव्या हॅम (हौशी रेडिओ) मित्रांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: सूर्योदयाला ८० आणि १६० मीटर तरंगलांबीच्या रेडिओ पट्ट्यांवर (हेच लो-बँड) परदेश ऐकायचा तर व्हर्टिकल, म्हणजे उभी अँटेनाच हवी, तिला जागा लागत नाही, गच्चीवरचा डायपोल, म्हणजे आडव्या तारेची अँटेना, फक्त पुण्या-बेळगावपुरता. हे वाचून कोल्हापुरातल्या एकाने चांगला चालणारा डायपोल उतरवला, म्हणून लिहितोय.

डायपोलबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. १२ मीटरवर बांधलेला डायपोल ८० मीटर बँडवर जेमतेम ०.१५ तरंगलांबी उंच असतो, त्याची बहुतेक शक्ती थेट आभाळात जाते. लांबचा सिग्नल बहुधा क्षितिजालगतच्या सखल कोनातून येतो आणि व्हर्टिकल तोच चांगला पकडते, म्हणून मध्यरात्री युरोपसाठी व्हर्टिकलच सरस. पण सूर्योदयाची गोष्ट वेगळी. जानेवारीत सातच्या सुमारास आपल्याकडे ऊन येतं तेव्हा पश्चिमेचा सगळा रस्ता अंधारात असतो; उजेड फक्त आपल्या टोकाला. इथे ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा डी थर (वातावरणातला विद्युतभारित थर) तयार होऊ लागतो आणि सिग्नल शोषतो. क्षितिजापासून १० अंशांनी येणाऱ्या सिग्नलला त्या थरातून ६० अंशांवाल्याच्या साडेतीनपटीहून जास्त अंतर कापावं लागतं. म्हणजे ऊन चढेल तसा सखल कोनाचा सिग्नल आधी मरतो. त्यातच उजेड-अंधाराच्या सीमेवर सिग्नल परत खाली वळवणारे वरचे थर कललेले असतात, त्यामुळे लांबचा सिग्नलही कधीकधी चढ्या कोनातून उतरतो. माझ्याकडे दोन्ही अँटेना एकाच स्विचवर आहेत. साडेपाचला व्हर्टिकलवर खणखणीत वाजणारं युरोपचं मोर्स सूर्योदयानंतर तिच्यावर विरून गेलं आणि इन्व्हर्टेड व्हीवर (मधोमध उंच, टोकं खाली असलेला डायपोल) वाचता आलं, असं मी अनेकदा अनुभवलंय.

१६० मीटरवर तर आपला अक्षांशच वेगळा. कोल्हापूर चुंबकीय विषुववृत्तापासून फार लांब नाही. इथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बरंचसं आडवं, उत्तर-दक्षिण. १.८ मेगाहर्ट्झच्या आसपास अशा ठिकाणी पूर्व-पश्चिम मार्गावर आडव्या ध्रुवणाच्या, म्हणजे डायपोलसारख्या आडव्या तारेच्या, लहरीला कमी शोषण सोसावं लागतं. युरोप-अमेरिकेत क्षेत्र बरंच उभं असतं. तिथला सल्ला इथे जसाच्या तसा लागू करू नका.

‘जागा लागत नाही’ हे तर साफ चूक. ८० मीटरची पाव तरंगलांबीची व्हर्टिकल २० मीटर उंच, आणि तिच्या पायाशी रेडियल, म्हणजे चहूबाजूंना पसरलेल्या, तारांचं जाळं हवंच. ते नसेल तर निम्मी-अर्धी शक्ती माती तापवण्यात जाते. राजारामपुरीतल्या गच्चीवर हे सगळं कुठे मांडणार?

आणि ऐकण्याचं काय? व्हर्टिकल शेजारच्या एलईडी दिव्यांचा, चार्जरचा गोंगाटही मन लावून गोळा करते. उजाडलं की सोलर इन्व्हर्टरही सुरू होतात. शेत असेल तर ऐकण्यासाठी वेगळी तार टाका: बेव्हरेज अँटेना, १९२१ मध्ये पेटंट झालेली. युरोपच्या दिशेला दीडशे-दोनशे मीटर, माणसाच्या उंचीवर. लो-बँडचा हंगाम हिवाळ्याचा, ऊसतोडीचाही तोच. फड तुटून रान मोकळं झालं की आठवडाभर मालकाची परवानगी घ्या आणि पहाटे हेडफोन लावून बसा.