‘काडतुसं पोचट, भाव चढे’ या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. मराठीत लिहिलात, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. काउबॉय मॅचचा (जुन्या धाटणीच्या बंदुकांनी, घड्याळ लावून लोखंडी पाट्या पाडायच्या स्पर्धेचा) दिवस वाया गेला आणि त्याआधी शनिवारच्या गर्दीत तुम्हाला काउंटरसमोर ताटकळावं लागलं, याबद्दल दिलगीर आहे.

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंत, “काउबॉय मॅचसाठी शॉटगनची काडतुसं मागितली तर पोचट माल गळ्यात मारला. लोखंडी पाट्या पडल्या नाहीत, पुंगळ्या नळीत अडकल्या. भाव मोठ्या दुकानापेक्षा जास्त, उघडलेला खोका परत घेत नाहीत. वर शंभर प्रश्न आणि व्हिसाची चौकशी. आपला माणूस म्हणून गेलो, आपल्याच माणसाने गंडवलं.”

बाकीचं मी ऐकून घेतलं असतं. धंद्यात बसलोय, चार शब्द खावे लागतात. पण ‘गंडवलं’ हा शब्द आमच्या दुकानाच्या नावाखाली कायमचा राहणार, आणि ह्यूस्टनमधली मराठी मंडळी दुकानात यायच्या आधी तोच वाचणार. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी पोचट मालाबद्दल. तुम्हाला दिलेली काडतुसं 12 गेजची (गेज म्हणजे नळीचं माप), पावणेतीन इंची, 26 ग्रॅम शिशाचे 8 नंबरचे छर्रे, वेग सेकंदाला 980 फूट. हा मुद्दाम हलका ठेवलेला माल आहे आणि काउबॉय मॅचचे कितीतरी जुने नेमबाज तोच मागतात. सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी ही या खेळाची संघटना, तिच्या नियमांत शॉटगनला फक्त शिशाचे छर्रे चालतात, तेही 4 नंबरचे किंवा त्याहून बारीक (नंबर जितका मोठा, तितका छर्रा बारीक). पोलादी छर्रे नाहीत, जादा जोराचं मॅग्नम नाही. पाट्या बहुतेक आठ ते सोळा यार्डांवर असतात. एवढ्या जवळून छर्रे पांगायच्या आत एका मुठीसारखे जाऊन आदळतात. बदकं मारायची नसतात तिथे. पाटी आडवी करायची, दोन काडतुसं पुन्हा भरायची आणि पुढची दोन पाडायची. घड्याळ चालू असतं. खांद्याला जितका धक्का कमी, तितकी बंदूक लवकर जागेवर येते.

हलक्या मालात जोर कमी असतो, हे मी नाकारत नाही. सेकंदाला 1145 फूट वेगाच्या, एक पूर्णांक एक अष्टमांश औंसाच्या (म्हणजे साधारण 32 ग्रॅमच्या) नेहमीच्या ट्रॅप (उडत्या चकत्या फोडायच्या खेळाच्या) काडतुसाशी तुलना केली, तर पाटी ढकलण्याची आपल्या हलक्या काडतुसाची ताकद सुमारे 70 टक्के भरते. म्हणूनच मी तुम्हाला मधला पर्याय काढून दाखवला होता, एक औंस, साडेसात नंबर. ते छर्रे 8 नंबरपेक्षा जाड, औंसाला साडेतीनशेच्या आसपास बसतात, 8 नंबरचे चारशेवर. एखाद्या क्लबच्या पाट्या जड असल्या किंवा वाऱ्याकडे तोंड करून लावलेल्या असल्या, तर तो माल बरा. तुम्ही म्हणालात, पहिल्याच सरावात खांदा काळानिळा पडलाय, सगळ्यांत कमी धक्क्याचं द्या. मी तेच दिलं. आणि पाटीच्या पायथ्याला बार लागला, तर कुठलंही काडतूस लावा, ती हलते आणि परत उभी राहते. वरच्या निम्म्या भागावर मारायचं असतं, हे शिकवायला मी तयार होतो, पण तुम्हाला घाई होती.

आता पुंगळ्या, म्हणजे बार उडाल्यावर उरणारी काडतुसाची रिकामी टरफलं. खरं तर हे सगळं मी याच मुद्द्यासाठी लिहितोय.

रिव्ह्यूसोबत तुम्ही अडकलेल्या पुंगळीचा फोटो टाकलाय. तो मी मोठा करून पाहिला. बायकोला दाखवला, काउंटरवरच्या मुलालाही दाखवला. पुंगळीच्या अंगावर साडेसात नंबर आणि एक पूर्णांक एक अष्टमांश औंस असं स्वच्छ छापलेलं आहे. तुमच्या पावतीवर 8 नंबर आणि 26 ग्रॅम आहे. पावतीची प्रत माझ्याकडे आहे, तुमच्याकडेही असेल. फोटोतलं ते काडतूस आमच्या दुकानात कुठल्याच फळीवर नाही, आजही नाही आणि तुम्ही आलात त्या दिवशीही नव्हतं.

मग ते आलं कुठून, हे मी विचारत नाही. मोठ्या दुकानातला भाव तुम्हाला चांगला ठाऊक आहे, एवढंच म्हणतो.

त्या पुंगळीच्या बुडाला आडवे ओरखडे दिसतात आणि ओरखड्याखाली पिवळा नव्हे, करडा धातू दिसतो. ते लोखंड आहे, वर पितळेचा मुलामा. पितळी बूड बार उडाल्यावर फुगतं आणि लगेच आक्रसतं. लोखंडी बूड फुगतं, पण पुरतं मागे येत नाही, चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) भिंतीला धरून बसतं. दोन-चार बार झाले, नळी तापली की आणखीच घट्ट. स्वस्त काडतुसात पैसे वाचवतात ते इथेच. दुकानात दोन्ही सारखीच चकाकतात, म्हणून मी काउंटरवर एक लोहचुंबक ठेवतो. तुम्हाला विकली त्याच लॉटच्या काडतुसाला रिव्ह्यू वाचल्यावर पुन्हा चुंबक लावून पाहिला. चिकटत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी सांगतो, या खेळात हा मुद्दा इतका मोठा का. दुनळी बंदुकीला आपोआप पुंगळी फेकणारा इजेक्टर असला तर तो नियमात बसत नाही. बंदूक बिजागरीवर उघडायची, मागे एक झटका द्यायचा आणि दोन्ही रिकाम्या पुंगळ्या खांद्यावरून उडून गेल्या पाहिजेत. एक जरी चिकटली तर नखाने उपसत बसावं लागतं. उभी राहिलेली प्रत्येक पाटी म्हणजे पाच सेकंदांचा दंड, आणि पुंगळी उपसण्यात गेलेला वेळ वेगळाच. म्हणून मुरलेले लोक गुळगुळीत अंगाची पुंगळी बघून घेतात, पन्हाळी असलेली टाळतात, आणि चेंबर आतून घासून आरशासारखे करून घेतात. तुमच्या बंदुकीचे चेंबर कारखान्यातून आले तसेच खरखरीत आहेत, ते घासून घ्या, असं मी बोललो होतो. तुम्ही मान डोलावलीत.

कमरेच्या पट्ट्यात दोन्ही प्रकारची काडतुसं मिसळली गेली असणार, असा माझा अंदाज. अडकली ती फोटोतल्या काडतुसाची. न पडलेल्या पाट्यांवर कुठली उडवली, हे आता तुम्हालाही सांगता येणार नाही. पण फोटोतलं काडतूस आमच्यापेक्षा जड आहे, आणि त्यानेही पाट्या पडल्या नसतील, तर दोष पोचटपणाचा कसा? यावर शांतपणे विचार करा.

‘शंभर प्रश्न’ म्हणालात. मी विचारलं, बंदूक कुठली, किती जुनी, चेंबर किती लांबीचा. या खेळात लोक दुनळी आणतात, तशा 1887 ची लिव्हरवाली किंवा 1897 ची बाहेर घोडा असलेली पंप विंचेस्टरही आणतात. दोन्ही जॉन ब्राउनिंग या बंदुकांच्या शोधकाच्या डोक्यातून निघालेल्या. त्यांतल्या जुन्या अस्सल बंदुकांचे चेंबर कधी कधी पावणेतीन इंचांपेक्षा आखूड असतात. त्यात आजचं पावणेतीन इंची काडतूस शिरतं, म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. पण बार उडताना पुंगळीचं तोंड उलगडायला पुढे जागा उरत नाही आणि दाब वाढतो. शंभर वर्षांच्या नळीवर तो प्रयोग माझ्या पावतीवर व्हायला नको. तुमची बंदूक नवी निघाली, तिथे प्रश्न संपले. दोन मिनिटंही लागली नसतील.

व्हिसाचं मात्र मनाला लागलं. इथल्या फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला, एच-वन-बी धरून, वैध शिकार परवाना किंवा कायद्यातला तसाच एखादा अपवाद नसेल तर बंदूक काय, काडतुसंही बाळगता येत नाहीत. माहीत असून विकली तर मीही गुन्हेगार. गावाकडच्या गप्पांत तुम्हीच म्हणालात की अजून ग्रीन कार्ड व्हायचंय, तेव्हा परवाना बघणं मला भाग होतं. तुमच्याकडे टेक्सासचा शिकार परवाना होता, मी पाहिला, माल दिला. आपला माणूस म्हणून डोळेझाक करायला हवी होती, असं तुम्हाला म्हणायचं असेल, तर ते माझ्याच्याने होणार नाही. माझं दुकान लायसन्सवर चालतं, आणि घर दुकानावर.

भावाबद्दल थोडक्यात. काडतुसांवर 11 टक्के फेडरल कर आहे, 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने त्याचा पैसा वन्यजीव संवर्धनाला जातो. बनवणाराच भरतो, त्यामुळे पावतीवर दिसत नाही, भावात असतो. त्यावर आमच्याकडचा सव्वाआठ टक्के विक्रीकर. हे दोन्ही मोठ्या दुकानालाही आहेत, पण ते ट्रकने माल उचलतात आणि मी खोक्यांनी. तो फरक मला भरून काढता येत नाही. त्या बदल्यात माझ्याकडे विचारायला माणूस असतो, तुमच्या मते जरा जास्तच.

उघडलेला खोका परत घेत नाही, हे पावतीवर छापलेलं आहे. पंचवीसपैकी एखादं घरी भरलेलं काडतूस आत मिसळलं गेलं, तर मला ओळखता येणार नाही आणि पुढच्या गिऱ्हाइकाची बोटं जातील.

तरीही तक्रार आली आहे तर काही बदल करतोच आहोत. शनिवारी काउंटरवर आणखी एक माणूस ठेवण्याचं बघतोय. काउबॉय मॅचची काडतुसं वेगळ्या फळीवर, नंबर आणि वजनाची पाटी लावून मांडायचाही विचार आहे. जमेल तसं होईल.

तुम्ही नेलेल्यांपैकी न उघडलेले खोके असतील तर पावतीसह घेऊन या. त्या बदल्यात एक औंसाचे साडेसात नंबरचे देतो, भावात फरक असला तर तो माझ्याकडे. बंदूकही आणा, चेंबर घासून देणारा आमच्या ओळखीचा कारागीर गुरुवारी दुपारी दुकानात असतो. सोमवारी मात्र येऊ नका, बंद असतं.

आपला,
दुकानमालक