अकरा वर्षं आणि एक जुना नंबर

काल रात्री दीड वाजता कादंबरी संपवली आणि आज सकाळी साखळीहून पणजीला येताना कदंब बसमध्ये शेवटची ४० पानं परत वाचून काढली, पाट्टोला उतरायचं होतं ते पण विसरणार होते.

गोष्ट तशी साधी. अठरा-एकोणीसची दोघं, एकमेकांवर जीव टाकणारी, मग ११ वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत आणि मग एका लग्नाच्या पंगतीत अचानक समोरासमोर. लोक म्हणतात लव्हस्टोरी म्हणजे टाइमपास. मला ते अजिबात पटत नाही. आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट, आणि तिच्यावर लिहिलं की हलकं, हे कोणी ठरवलं?

मला या पुस्तकात सगळ्यात काय आवडलं असेल तर त्यात व्हिलन नाही. चोरलेली चिठ्ठी नाही, लावालावी करणारी मावशी नाही. तो पैसे कमवायला बाहेर गेला, आधी रोज फोन, मग रविवारी, मग आता त्याने करावा, आता तिने करावा असं करत करत बंद. आणि हेच खरं आहे. पूर्वी पत्र हरवायचं, पत्ता बदलायचा, माणूस खरंच सापडायचा नाही. आता हातात फोन आहे, निळ्या टिका दिसतात, म्हणजे दुरावा हा रोज सकाळी उठून नव्याने घ्यायचा निर्णय झाला. ११ वर्षं रोज. लेखिकेने ती वर्षं 'अकरा वर्षांनंतर' असं लिहून उडवून नाही लावली, जवळजवळ अर्धं पुस्तक त्याच वर्षांवर आहे, आणि म्हणून नंतरची भेट अंगावर येते.

एक प्रसंग तर डोक्यातून जात नाही. तिने त्याचा नंबर 'गॅसवाला' म्हणून सेव्ह केलाय. तीन फोन बदलले, नंबर प्रत्येक फोनमध्ये सोबत आला. सातव्या वर्षी एका रात्री धीर करून लावते तर पलीकडून एक म्हातारे आजोबा, "कोण बोलतंय बाळा?" बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देऊन टाकते हे आपल्याला माहीत असतंच, पण तिथे वाचताना पोटात खड्डा पडला. ती फोन ठेवत नाही, आजोबांशी चार मिनिटं पावसाबद्दल बोलते. बस एवढंच.

आमच्या गोव्यातल्या साखळी-डिचोलीकडे हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या आणि खनिज वाहायला हप्त्यावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. माझ्या मावसबहिणीचं ज्याच्यावर प्रेम होतं त्यांचे दोन होते. हप्ते थकले, तो बोटीवर नोकरीला गेला. पुढे कोर्टाने बंदी उठवली, २०१८ च्या मार्चमध्ये परत सगळं ठप्प, तोवर त्यांचं बोलणं कधीच थांबलेलं. भांडण नाही, काही नाही. चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्याचं, सामान रानातून तोच आणायचा. गेल्या वर्षी बाजारातली कांगणं, ती माटोळीची रानफळं, हातात घेऊन ती एवढंच म्हणाली, "तो देठासकट आणायचा गो." आणि बांधायला लागली.

पुस्तकात खटकलं ते पण सांगते. शेवट घाईत उरकलाय. ११ वर्षांत दोघं वेगळी माणसं झालीत, तिला आता गर्दी सोसत नाही, तो मोठ्याने बोलायला लागलाय, हे इतकं छान दाखवून मग वीस पानांत लग्न? त्यांना एकमेकांची नव्याने ओळख करून घ्यायला निदान एक पावसाळा तरी द्यायला हवा होता. आणि तिची आई नुसती चहा आणून ठेवते, त्या बाईला पण काहीतरी माहीत असणारच ना, आयांना सगळं माहीत असतं.

तरी वाचाच. मी बहिणीला द्यायला बॅगेत घेतलंय. आत्ता फोनवर तिने विचारलं, शेवटी भेटतात का? म्हटलं, भेटतात, पण आधी तो आजोबांच्या फोनचा भाग वाच, मग आपण बोलू.