आठवडा सरळ रेषेत का जात नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

भाषाशिक्षकाच्या आठवड्याबद्दल मी लिहिलं, त्यात सोमवारी हवेत तरंगणारी, बुधवारी आपटलेली आणि शुक्रवारी कशीबशी सावरलेली बाई तुम्हाला दिसली आणि ती काही तुम्हाला पटली नाही. तुमचे आक्षेप तीन. वर्गातले तास आठवड्याला वीस, त्यात दमण्यासारखं काय आहे? शिकवलेलं आठवड्याभरात येत नसेल तर शिकवण्यातच खोट आहे, त्याचं खापर भाषेवर कशाला? आणि तिसरा, सगळ्यात झोंबणारा : "सुतार सोमवारी लाकूड घेतो, शनिवारी टेबल तयार असतं. त्याचा आठवडा मूडवर चालत नाही."

टेबलाचं वाक्य झकास आहे. म्हणूनच दोन ओळींत आभार न मानता सविस्तर लिहायला बसले.

तासांचा मुद्दा लवकर संपवते. तयारी, वह्या, बैठका हे सगळं त्या वीस तासांच्या बाहेर असतं, हे तुम्हालाही ठाऊक असणार. पण दमवणारी गोष्ट ती नाही. फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मध्ये प्राथमिक शाळेतल्या वर्गांबद्दल लिहिताना नोंदवलं होतं की शिक्षकाची दिवसभरात मुलांशी हजारापर्यंत देवाणघेवाण होते. माझ्या वर्गात एवढी होत नसेल, पण जी होते तिला दोन पदर असतात. मी मराठी न येणाऱ्या प्रौढांना मराठी शिकवते. एक विद्यार्थी म्हणतो, "माझा वडील आजारी आहे." आता मी 'माझे वडील, आजारी आहेत' असं सांगू, की वडिलांना काय झालंय ते विचारू? तो काय म्हणाला आणि कसं म्हणाला हे दोन्ही एकाच क्षणी ऐकायचं, आणि त्यातलं कुठलं सोडून द्यायचं हेही तेव्हाच ठरवायचं. (वडिलांचंच विचारते. व्याकरण कुठे पळून जात नाही.) हे दिवसभर केलं की संध्याकाळी घरच्यांशी बोलतानाही मी त्यांची वाक्यं तपासत असते, आणि त्याबद्दल माझ्या घरच्यांचं मत तुमच्यापेक्षा वाईट आहे.

आता दुसरा आक्षेप. खरं भांडण इथे आहे.

सोमवारपर्यंत बरोबर बोलणारा एक विद्यार्थी बुधवारी चुकायला लागला, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणालात, "म्हणजे तुम्ही शिकवून बिघडवलंत." तर नेमकं काय झालं ते सांगते. हा गृहस्थ पहिल्यापासून "मी पत्र लिहिलं" असं म्हणायचा. कुठेतरी ऐकलेलं, अख्खंच्या अख्खं उचललेलं वाक्य. इथे क्रियापद बोलणाऱ्याकडे न बघता पत्राकडे बघून चालतं, यातलं त्याला काहीही माहीत नव्हतं. मग वर्गात "मी गेलो, मी आलो, मी बसलो" आलं. त्याच्या लक्षात आलं की अरेच्चा, इथे काहीतरी पद्धत आहे! आणि दोन दिवसांनी तो मोठ्या आत्मविश्वासानं म्हणाला, "मी पत्र लिहिलो." (काही बोलींमध्ये असं बोलतातही, पण त्यानं ते बोलीतून घेतलेलं नव्हतं, स्वतः तयार केलं होतं.)

खिडकीतून बघणाऱ्याला हा ऱ्हास वाटेल. पण सोमवारी त्याच्याकडे एक पाठ केलेलं वाक्य होतं, बुधवारी एक नियम आहे. नियम अपुरा आहे, तरी तो त्याचा आहे. इंग्रजी शिकणाऱ्या लहान मुलांचंही असंच होतं : आधी 'वेंट' बरोबर म्हणतात, मग भूतकाळाचा नियम हाती लागला की 'गोएड' म्हणायला लागतात, आणि काही काळानं पुन्हा 'वेंट'वर येतात. पिट कॉर्डर यांनी १९६७ च्या एका निबंधात म्हटलं की शिकणाऱ्याच्या चुकांमधून त्यानं मनात कुठली व्यवस्था उभी केली आहे ते दिसतं. घाईत जीभ घसरणं वेगळं आणि हे वेगळं, असाही भेद त्यांनी केला. तेव्हापासून या क्षेत्रात चूक ही नुसती खोडायची गोष्ट राहिली नाही.

आणि आमच्या या गृहस्थाची परीक्षा इथे संपत नाही. 'मी पत्र लिहिलं, मी पुस्तक वाचलं, मी काम केलं' हे जरा पक्कं होतंय तोवर समोर येतं 'मी मराठी शिकलो'. 'शिकणे' या क्रियापदाला कर्म आहे, मराठी ही स्त्रीलिंगी आहे, मग 'शिकली' का नाही? 'मी तुझं नाव विसरलो' यातही तेच. ज्यानं नियम नीट समजून घेतला तोच इथे चुकतो. ज्याला काहीच कळलेलं नाही तो शांतपणे बरोबर बोलून जातो. अशा दिवशी वर्गातल्या सगळ्यात हुशार माणसाची वही सगळ्यात लाल होते, आणि मी तुमच्या मते 'मूडमध्ये' नसते.

तरीही तुमच्या प्रश्नाचा एक भाग उरतो : नीट शिकवलं तर हा वळसा टाळता येणार नाही का? मॅनफ्रेड पीनेमन यांनी १९८४ मध्ये जर्मन शिकणाऱ्या इटालियन मुलांवर केलेला अभ्यास याच प्रश्नाला भिडतो. वाक्यातल्या शब्दक्रमाचा एक नियम त्यांनी मुलांना शिकवला. जी मुलं त्याच्या अगदी आधीच्या टप्प्यावर होती, त्यांना शिकवण्याचा फायदा झाला. जी त्याहून मागे होती, त्यांना तेच शिकवून तो नियम आला नाही. शिकवणं तेच, फरक मुलं उभी कुठे होती याचा. माझ्या वर्गात सगळे एका ठिकाणी उभे असते तर मीही टेबलासारखं वेळापत्रक दिलं असतं. तसे ते कधीच नसतात. एकाच तासात एकाला माझं बोलणं जुनं असतं, दुसऱ्याला अगदी वेळेवर आलेलं आणि तिसऱ्याच्या डोक्यावरून गेलेलं.

इथे तुमच्या बाजूनंही एक गोष्ट बोलते. 'अजून त्यांची तयारी नाही' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत फार स्वस्त झालं आहे. वाईट धड्यावरही ते चालतं, तयारी न करता गेलेल्या तासावरही चालतं. त्याची ढाल करणाऱ्यांवर तुमचा राग असेल तर तो राग मलाही आहे.

गंमत म्हणजे तुम्ही माझ्या बुधवारवर तुटून पडलात, सोमवारला हातही लावला नाहीत. संशय घ्यायचा तर सोमवारचा घ्यायला हवा होता. त्या दिवशी सगळे बोलले, हसले, भराभर वाक्यं आली. पण ती मी अर्ध्या तासापूर्वी दिलेल्या साच्यातली वाक्यं होती. साचा फळ्यावर दिसत होता. तो पुसल्यावर किती उरतं, हा खरा प्रश्न. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला. निरर्थक अक्षरांच्या याद्या ते पाठ करत आणि काही वेळानं पुन्हा पाठ करत. मोजत ते असं, की दुसऱ्या खेपेला किती श्रम वाचले. तासाभरानंतर निम्म्याहून कमी बचत, दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश, सहा दिवसांनी एक चतुर्थांशाच्या आसपास. निरर्थक अक्षरं आणि जिवंत भाषा यांत फरक आहे, त्यामुळे हे आकडे माझ्या वर्गाला लावत नाही. पण मोजण्याची त्यांची रीत मला फार आवडते. बुधवारी 'सगळे विसरले' असं दिसतं, पण तेच पुन्हा शिकताना लागलेला वेळ पाहिला तर सोमवार पूर्ण वाया गेलेला नसतो. फक्त तो सोमवारी वाटला तेवढा मोठाही नसतो.

"मग चुकलं की तिथल्या तिथे ठणकावून सुधारा," हा तुमचा सल्ला. सुधारतेच. प्रश्न कसं सुधारायचं हा आहे. तो म्हणतो, "काल मी पत्र लिहिलो." मी म्हणते, "अरे वा, पत्र लिहिलंत? कोणाला?" तो म्हणतो, "मित्राला." संभाषण सुरेख झालं आणि माझी दुरुस्ती त्याच्या कानावरून गेली. शिक्षक सर्रास असंच सुधारतात. रॉय लिस्टर आणि लैला रान्टा यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या शिक्षकांनी केलेल्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून जास्त या गोड प्रकारच्या होत्या, आणि त्यातल्या जेमतेम ३१ टक्के दुरुस्त्यांना मुलांकडून काहीतरी प्रतिसाद आला. याउलट शिक्षकानं वाक्य अर्धवट सोडून मुलांकडूनच उत्तर काढून घेतलं, तिथे प्रत्येक वेळी प्रतिसाद आला, बरोबर असो वा चूक.

मग नेहमी तसंच का करत नाही? कारण गेले कित्येक दिवस तोंड न उघडलेली बाई आज पहिल्यांदा बोलली आहे, आणि मी तिला "काल मी पत्र...?" असं म्हणून सगळ्यांसमोर थांबवलं तर ती पुढचे कित्येक दिवस गप्प बसेल. शिवाय उत्तर काढून घ्यायचं तर थांबावं लागतं. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. ते तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांब होतात, गप्प मुलंही बोलायला लागतात. तीन सेकंद कागदावर काहीच नाहीत. पंधरा माणसं एकाकडे बघत असताना ते थांबून पाहा. सोमवारी मला ते जमतात. शुक्रवारी शेवटच्या तासाला मी दीड सेकंदात स्वतःच उत्तर देऊन मोकळी होते. याला मूड म्हणायचं तर म्हणा.

वह्यांबद्दल थोडक्यात. "प्रत्येक चूक लाल करणं हे शिक्षकाचं कामच आहे," असं तुम्ही लिहिलंत. लेखनातलं व्याकरण सुधारून देणं निरुपयोगी आहे, सोडून द्या, असं जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये ठासून मांडलं होतं. डॅना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्यांना उत्तर दिलं की नीट निवडून, स्पष्टपणे केलेली दुरुस्ती उपयोगी पडू शकते, एवढ्यात निकाल देऊ नका. मी फेरिस यांच्या बाजूची आहे. एका वेळी एकाच प्रकारची चूक खुणावते आणि मजकूर पुन्हा लिहून मागते. त्यामुळे वही स्वच्छ दिसते आणि 'बाईंनी नीट तपासलंच नाही' अशी तक्रार येते. दर गुरुवारी येते.

एका उताराबद्दल मी लेखात लिहिलं नव्हतं, तो आता सांगते, कारण तुमचा सुतार तिथे पूर्ण हरतो. वर्षभर शिकलेल्यांची तुकडी. ही मंडळी बोलतात, वाचतात, आणि दर आठवड्याला कोणीतरी येऊन सांगतं, "मी अडकलोय. पुढे सरकतच नाहीये." शिक्षकाला खचवणारं याच्याइतकं दुसरं वाक्य नाही. पण यात हिशेब आहे. पॉल नेशन यांनी २००६ मध्ये इंग्रजीसाठी तो मांडला. एकाच मुळापासूनचे शब्द एकत्र धरले, तर सर्वात नेहमीच्या पहिल्या हजार गटांत लेखी मजकुराचा जवळपास ८० टक्के भाग येतो. दुसऱ्या हजारानं भर पडते ८-९ टक्क्यांची. चौथा आणि पाचवा हजार मिळून ३ टक्के. सोपा करून न लिहिलेला मजकूर ९८ टक्के कळायला आठ-नऊ हजार गट लागतात. मराठीचे आकडे वेगळे निघतील, पण उतरण अशीच असणार. म्हणजे पहिल्या वर्षी जेवढ्या मेहनतीत जग उघडलं, तेवढ्याच मेहनतीत आता एखादी फट उघडते. विद्यार्थी अडकलेला नसतो, फक्त त्याला हललेलं दिसत नाही. मलाही दिसत नाही, आणि त्या तुकडीत माझं काम मुख्यतः तो लवकर कंटाळून निघून जाऊ नये एवढंच असतं.

शेवटी तुम्ही विचारलंत की आठवडा बरा गेला की वाईट, हे मग ठरवता तरी कशावरून. वर्गातल्या हास्यावरून नाही, शुक्रवारच्या चाचणीवरूनही नाही. दर महिन्याला प्रत्येकाला तीच चित्रमालिका देऊन गोष्ट सांगायला लावते आणि ध्वनिमुद्रण ठेवते. जुनं आणि नवं शेजारी ठेवून ऐकलं की तीन गोष्टी तपासते : वाक्यं किती लांब झाली, कुठे अडखळला, आणि कुठल्या चुका आता नव्या आहेत. नवी चूक दिसली की बरं वाटतं. चाचणीही आता शिकवल्याच्या आठवड्यात घेत नाही, दोन आठवड्यांनी घेते. त्यामुळे गुण घसरले आहेत. आमच्या संस्थेला ते आवडलेलं नाही. त्यांना शनिवारी टेबल हवं असतं. पुढच्या सत्रात चाचणी कधी घ्यायची यावर आमची बोलणी अजून चालू आहेत.