अंकाराच्या लढाईतील सर्बियन सैनिक ‘जानिसारी’ नव्हते

१४०२ च्या जुलैमध्ये अंकाराजवळ (आजच्या तुर्कस्तानात) तैमूरशी लढताना उस्मानी (ऑटोमन) सुलतान बायझीदच्या बाजूने उभे असलेले सर्बियन सैनिक म्हणजे लहानपणी पळवून धर्मांतरित केलेले जानिसारी, म्हणजे सुलतानाच्या खास पायदळातले शिपाई होते आणि ऐन रणात त्यांनीच सुलतानाला दगा दिला, असा मजकूर सध्या फिरत आहे. यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

हे सैनिक ख्रिस्तीच होते. १३८९ च्या कोसोव्हो लढाईत सर्बियाचा शासक लाझार मारला गेल्यावर त्याचा मुलगा स्तेफान लाझारेविच उस्मानी सुलतानाचा मांडलिक झाला, त्याची बहीण ओलिव्हेरा बायझीदला देण्यात आली, आणि मोहिमेच्या वेळी आपली फौज घेऊन हजर राहण्याचे बंधन त्याच्यावर आले. त्यानुसार १३९६ मध्ये निकोपोलिस येथे तो युरोपच्या ख्रिस्ती सरदारांविरुद्धच लढला. आपल्याकडेही मांडलिक राजे बादशहाच्या चाकरीत स्वतःची फौज घेऊन जात, हे आठवले तर ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

दग्याचा आरोप तर सरळ अन्यायकारक आहे. अंकाराला बाजू बदलली ती तातार तुकड्यांनी आणि अनातोलियातील (आजच्या तुर्कस्तानचा आशियाई भाग) जुन्या अमिरातींच्या, म्हणजे छोट्या राज्यांच्या सैनिकांनी, कारण या सैनिकांचे पूर्वीचे अमीर तैमूरच्या छावणीत होते. चिलखती सर्बियन घोडदळाने मात्र शत्रूवर पुन्हा पुन्हा हल्ले चढवले. बायझीद कैद झाला, तरी स्तेफान बायझीदचा मुलगा सुलेमान याच्यासोबत रणातून निसटला.