वाक्य छोटं करण्याआधी

लिहिण्याबद्दल सल्ला विचारला की हल्ली सगळीकडून एकच उत्तर येतं: छोटी वाक्यं लिहा. स्वल्पविराम द्यावासा वाटला की सरळ पूर्णविराम द्या आणि पुढे चला. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. सरकारी परिपत्रकं वाचून डोकं दुखलेल्या कुणालाही तो पटेल. पण दुसऱ्यांचं लिखाण वाचणं आणि त्यावर हात फिरवणं हे माझं रोजचं काम आहे, आणि मला ठामपणे वाटतं, की या सल्ल्याने मराठी लिखाणाचं नुकसान होतंय. नुसतं लांब असल्यामुळे वाक्य अवघड होत नाही. त्यात आलेल्या गोष्टींचं एकमेकींशी नातं काय, हे वाचणाऱ्याला लागेना झालं की ते अवघड होतं.

एक वाक्य घेऊ. "संपादकांनी लेखकाने वाचकाने पाठवलेल्या पत्राला दिलेलं उत्तर छापलं नाही." शब्द फक्त ९. शाळेतल्या व्याकरणाप्रमाणे हे केवल वाक्य, कारण एकच उद्देश्य आणि एकच विधेय; पूर्ण क्रियापद म्हणावं असं एकच, 'छापलं नाही'. तरी पहिल्या वाचनात ते कळत नाही. संपादकांनी, लेखकाने, वाचकाने असे तिघे ओळीने येऊन उभे राहतात, आणि कुणी काय केलं ते शेवटाकडून मागे येत जुळवावं लागतं. आता इथे स्वल्पविराम देऊन बघा: "संपादकांनी, लेखकाने, वाचकाने पाठवलेल्या पत्राला..." तिघांनी मिळून पत्र पाठवलं की काय, असं वाटायला लागतं. चिन्ह दिल्यावर गोंधळ वाढलाच.

आता हे वाचा. "वाचकाने पत्र पाठवलं, त्याला लेखकाने उत्तर दिलं, पण ते संपादकांनी छापलं नाही." शब्द १२ झाले, क्रियापदं तीन झाली, केवल वाक्याचं संयुक्त वाक्य झालं, आणि एका वाचनात समजलं. जे ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने ते आलं, आणि प्रत्येक कर्त्याला त्याचं क्रियापद जवळच मिळालं. दोन स्वल्पविराम आहेत ते बरोबर सांध्यांवर आहेत. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ते येईपर्यंत वाचणारा आधीचं सगळं मनात धरून ठेवत असतो. त्याला एका वेळी किती धरायला लावायचं, याचा विचार लिहिणाऱ्याने करायचा. शब्द मोजून ते कळत नाही.

याच्या उलटही आहे. "मला वाटतं तो येईल." चार शब्दांचं हे मिश्र वाक्य आहे, 'तो येईल' हे त्यातलं गौण वाक्य. तीन-चार वर्षांचं मूल असं बोलतं. केवल, मिश्र, संयुक्त ही रचनेची नावं आहेत. त्यांचा सोपं-अवघडशी थेट संबंध नाही, आणि 'केवल' म्हणजे सोपं, 'मिश्र' म्हणजे किचकट, ही समजूत शाळेपासून आपल्या मागे लागलेली आहे.

छोटी वाक्यं नेमकं काय गमावतात? "पाऊस पडत होता. आम्ही निघालो." या दोन वाक्यांत काय नातं आहे? पाऊस असूनही निघालो? पाऊस आला म्हणूनच निघालो, कारण आम्ही त्याचीच वाट बघत होतो? की निघताना पाऊस होता, एवढीच नोंद? लिहिणाऱ्याला माहीत आहे, वाचणारा अंदाज करतो. मधल्या पूर्णविरामाचा स्वल्पविराम केला तरी फरक पडत नाही, कारण स्वल्पविराम नातं सांगू शकत नाही. ते काम 'म्हणून', 'पण', 'तरी', 'कारण', 'तेव्हा' यांचं आहे, आणि ते शब्द आपण वाक्य छोटं करण्याच्या नादात सगळ्यात आधी काढून टाकतो.

समजा 'असूनही' हाच अर्थ आहे. मग तीन वाटा आहेत. "पाऊस पडत असूनही आम्ही निघालो." हे केवल वाक्य: भर निघण्यावर, पाऊस बाजूला सांगितलेला. "जरी पाऊस पडत होता, तरी आम्ही निघालो." हे मिश्र: 'जरी' वाचल्याबरोबर आपण 'तरी'ची वाट बघायला लागतो, पावसाला वजन येतं आणि अडचण आधी जाणवते. "पाऊस पडत होता, पण आम्ही निघालो." हे संयुक्त: दोन्ही गोष्टी तोलामोलाच्या, पुढचं वाक्य पावसाबद्दल असलं तरी चालेल, प्रवासाबद्दल असलं तरी चालेल. अर्थ तोच, पण भर वेगळा, आणि पुढचा परिच्छेद कुठे जाणार तेही वेगळं. कथेत लिहिणारा मुद्दाम नातं न सांगता दोन वाक्यं शेजारी ठेवून देतो, ती त्याची निवड असते. अर्जात, सूचनेत, बातमीत, वादाच्या मांडणीत वाचणाऱ्याला अंदाज करायला लावणं मला चूक वाटतं.

स्वल्पविराम मराठीत तसा अलीकडचा. मोडी लिपीत शब्दांच्या मध्येसुद्धा जागा सोडायची पद्धत नव्हती, चिन्हं तर दूरच. पोथ्यांमधला दंड मुख्यतः ओवीचा किंवा श्लोकाचा भाग संपला हे सांगायचा. आजची विरामचिन्हं १९व्या शतकात इंग्रजीच्या संपर्कातून, छपाईबरोबर आली, आणि ती मराठीत आणण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. युरोपातही या चिन्हाचा प्रवास मोठ्याने वाचण्यापासून सुरू होतो. इ.स.पू. २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातल्या अरिस्टोफेनिस या विद्वानाने तीन उंचींवर ठिपके द्यायची रीत काढली, ती वाचताना किती थांबायचं हे दाखवायला. आजच्या आकाराचा स्वल्पविराम रुळला तो व्हेनिसच्या आल्डस मानुटियसच्या छापखान्यातून, १५व्या शतकाच्या अखेरीला.

पण मराठीत मिश्र वाक्यं मात्र या सगळ्याच्या आधीपासून, काही शतकं, बिनचिन्हाची सुखाने नांदत होती. जुन्या ओव्यांत 'जैसें' आलं की 'तैसें' येणारच, 'जरी' आलं की 'तरी' येणारच, आणि 'म्हणोनि' आलं की आता निष्कर्ष येतोय हे ऐकणाऱ्याला कळतं. वाक्याचा सांधा शब्दच दाखवत होते. म्हणून मराठीत स्वल्पविरामाचं काम मर्यादित आहे, आणि ते मर्यादित असलं तरी महत्त्वाचं आहे: शब्दांनी दाखवलेला सांधा डोळ्यांनाही दिसावा. सांधाच नसेल तर तिथे चिन्ह नको.

"वाचताना दम घेतो तिथे स्वल्पविराम" हा नियम म्हणूनच घात करतो. त्यामुळेच "सर्वांच्या सहकार्याने पार पडलेला हा कार्यक्रम, अत्यंत यशस्वी झाला" अशी वाक्यं जन्माला येतात. तो स्वल्पविराम कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये पाचर मारतो. कर्त्यापाशीच दम लागत असेल तर कर्त्यावर जास्त ओझं टाकलंय, ते उतरवा. तसंच 'ऊन'चं. "घरी जाऊन, कपडे बदलून, जेवून, झोपला" यात एकाच माणसाची एकामागून एक कामं आहेत, आणि 'ऊन' हा प्रत्ययच ती जोडतोय. तिथे एकही स्वल्पविराम नसला तरी काही अडत नाही.

स्वल्पविरामाची जागा चुकली आणि माणूस फासावर गेला, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकली आहे. ती सांगून मुलांना चिन्हाचं महत्त्व पटवतात. मला ती फारशी उपयोगाची वाटत नाही. ज्या वाक्यात सगळा अर्थ एका टिंबाएवढ्या चिन्हावर लटकतोय ते वाक्यच बदलायला हवं, हे तिच्यात कुणी सांगत नाही. रोजच्या जगण्यातलं उदाहरण घेऊ. "जेवणानंतर ताप आला तर एक गोळी घ्या." म्हणजे ताप जेवणानंतर आला तरच गोळी घ्यायची? की ताप कधीही येवो, गोळी जेवणानंतर घ्यायची? "जेवणानंतर, ताप आला तर, एक गोळी घ्या" असं लिहिलं तर दुसरा अर्थ निघतो खरा, पण घाईत वाचणाऱ्या आजारी माणसाला दोन बारीक चिन्हांवर सोडणं बरोबर नाही. "ताप आला तर जेवणानंतर एक गोळी घ्या." शब्द तेच, एकही जास्त नाही. फक्त 'जेवणानंतर' हा शब्द ज्या क्रियापदाचा आहे त्याच्या शेजारी नेला, आणि चिन्हाची गरजच उरली नाही. मी हा क्रम धरते: आधी शब्दांची जागा, मग जोडणारा शब्द, आणि चिन्ह सगळ्यात शेवटी.

इंग्रजीचे नियम जसेच्या तसे उचलण्याला माझा विरोध आहे तोही यामुळेच. अमेरिकेतल्या मेन राज्यात एका दूध कंपनीच्या ट्रकचालकांनी जादा कामाच्या पैशांसाठी खटला भरला होता. कोणत्या कामांना जादा दर लागू नाही, याची यादी कायद्यात होती, आणि तिच्या शेवटच्या 'किंवा'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे 'वितरण' हे स्वतंत्र काम, की 'वितरणासाठी बांधणी' एवढंच, यावर वाद झाला. २०१७मध्ये अपील न्यायालयाने कायदा संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने कौल दिला आणि पुढे प्रकरण ५० लाख डॉलरवर मिटलं. हा किस्सा आपल्याकडेही फिरतो, आणि 'आणि'च्या आधी स्वल्पविराम द्यायलाच हवा, असा धडा त्यातून काढला जातो. पण मराठीत हे लिहून बघा. एक अर्थ "पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी", दुसरा "पाठवणीसाठी बांधणी किंवा वितरण". 'साठी' कुणाला लागलंय यावरच निकाल लागतो. आपल्याकडे हा भार प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं उचलतात. यादीतल्या शेवटच्या 'आणि'आधी स्वल्पविराम न देण्याची आपली रीत आहे, ती उगाच मोडायला नको.

भाषांतरातून आलेली आणखी एक लकब: "विद्यार्थी, जे उशिरा आले, त्यांना परत पाठवलं." दोन स्वल्पविरामांमध्ये कोंबलेलं 'जे' मराठीचं नाही. आपण म्हणतो, "जे विद्यार्थी उशिरा आले, त्यांना परत पाठवलं." किंवा मिश्र वाक्यच नको असेल तर "उशिरा आलेल्या विद्यार्थ्यांना परत पाठवलं." भाषांतरातून आलेल्या त्या वाक्यात तर अर्थच डळमळतो: सगळेच विद्यार्थी उशिरा आले, की काही?

राहिला 'की'. "तो म्हणाला की, उद्या येतो" असं बहुतेक ठिकाणी दिसतं, आणि बऱ्याच वर्तमानपत्रांत हीच पद्धत आहे. मी "तो म्हणाला, की उद्या येतो" असं लिहिते आणि त्याचा आग्रहही धरते. 'की' गौण वाक्याला बांधून आणतो, त्यामुळे तो पुढच्या वाक्याचा. 'पण'च्या आधी स्वल्पविराम देतो, नंतर देत नाही. मग 'की'ला वेगळा न्याय कशाला? 'तो आला की निघू' मधला 'की' वेगळा, तिथे चिन्ह लागतच नाही. ज्यांना 'की'नंतरच बरं वाटतं त्यांनी निदान सबंध मजकुरात तसंच ठेवावं.

टिंबांबद्दल एवढंच, की "काल गेलो होतो.... खूप गर्दी.... परत आलो...." ही चिन्हं ठरवायचं टाळायची युक्ती आहे, आणि ती वाचणाऱ्यावर ढकललेली मेहनत आहे.

माझा खरा राग आहे तो वाक्यरूपांतराच्या प्रश्नांवर. 'कंसातील सूचनेप्रमाणे वाक्य बदला' म्हणून मुलांकडून वर्षानुवर्षं केवलचं मिश्र आणि मिश्रचं संयुक्त करून घेतलं जातं, गुण मिळतात, आणि हे कशासाठी करायचं ते कुणी सांगत नाही. हाताशी इतकं चांगलं साधन असताना ते असं वाया जातं. पावसाची तिन्ही वाक्यं मुलांपुढे ठेवावीत. पुढचा परिच्छेद चिखलात रुतलेल्या गाडीबद्दल असेल तर कोणतं घ्याल, आणि मुक्कामाला पोचल्यानंतर झालेल्या भेटीबद्दल असेल तर कोणतं, एवढं विचारावं आणि कारण लिहायला लावावं. उत्तरं वेगवेगळी येतील, तपासायला वेळ लागेल, वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा.