सेट झालं का, सर?

मी इंग्रजीत एम. ए. आहे हे फाट्यावर कुणाला कळायची काही गरज नव्हती. पण चहावाल्याने ते स्वतःहून जाहीर केलं, आणि बाकावर मांडीवर गाइड घेऊन बसलेल्या आठवीच्या पोट्ट्याने मान वर केली. तिथून पुढचा पाऊण तास मी अजून विसरलेलो नाही.

फाटा म्हणजे दारव्हा-दिग्रस रस्त्यावरचा आमचा. साडेनऊची एसटी दहाला येते, त्या दिवशी तीही आली नव्हती.

"सर, सेट म्हंजे काय?"

तोंडात आलुबोंडा होता. घास गिळला आणि बेफिकीरपणे म्हणालो, "ठेवणे." माझं चुकलं ते इथंच.

शेजारी एक बाबाजी खर्रा घोटत बसले होते. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना, आणि ती पन्नी दोन तळव्यांच्या मध्ये घर्र-घर्र. त्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. पोट्ट्याने पुढचं वाक्य वाचलं, "द सन सेट्स इन द वेस्ट." घर्र-घर्र थांबली.

"मंग सूर्याले तिकळे कोन ठेवते?"

"बाबाजी, तिथं सेट म्हणजे मावळणे."

"आता त ठेवनं म्हनलं तुमी."

"वाक्य बदललं की अर्थ बदलतो."

"हौ का? आमच्या सरपंचासारखं हाय मंग. गावात येक बोलते, तालुक्याले गेला का दुसरंच."

पोट्ट्याला आता जोर चढला. सेट द टेबल? म्हटलं, ताटं मांडणे. "टेबल हालवाचंच नाई?" नाही. सेट द अलार्म? लावणे. सेट अ ट्रॅप? तेही लावणे, सापळा लावणे. द सिमेंट हॅज सेट? घट्ट होणे. प्रत्येक उत्तराला बाबाजी चहावाल्याकडे बघायचे आणि चहावाला गाळणी झटकायचा. माझ्यावर खटला चालू असावा तसा.

"सर, पास्ट टेन्स?"

"सेट."

"थर्ड फॉर्म?"

"सेट."

शांतता. मग बाबाजी अगदी मवाळ आवाजात म्हणाले, "सरले येक्कच शब्द येते वाट्टे."

आख्खं हॉटेल हसलं. कोपऱ्यात पेपर वाचणारा माणूसही हसला, तोवर मला वाटत होतं तो झोपलाय. मी घाईघाईने पुट, कट, हिट, शट सांगितले, की यांचीही तिन्ही रूपं सारखीच. त्याने संशय वाढला फक्त. पोट्ट्याला समानार्थी शब्द हवे होते, तेही दिले: पुट, प्लेस, फिक्स, ले. दिल्यावर सांगावं लागलं की बाबा रे, अलार्म 'पुट' करत नाहीत आणि सूर्य 'प्लेस' होत नाही. "मंग समानार्थी कायचे?" पोट्टा म्हणाला. प्रश्न बरोबर होता, म्हणूनच जास्त राग आला.

तेवढ्यात बाबाजींनी बाही वर सारून डावं मनगट माझ्या नाकासमोर धरलं. मनगटाच्या वर सुपारीएवढा उंचवटा होता.

"पोयाच्या दिवशी बैलानं पाळलं. थे हाड बसवलं. याले इंग्रजीत का म्हन्तेत?"

मी जरा अडखळलो. "सेट… सेट अ बोन."

"मंग बसवनं म्हना ना! हाड बसवलं, गनपती बसवला, वावरात पंप बसवला. ठेवनं कायचं घेऊन बसले?"

"आणि सूर्य?" मला वाटलं सापडले.

"थो बसते. दिवसभर फिरून आल्यावर बसन नाई त काय करन बिचारा?"

यावर चहावाल्याने, कुणी विचारलं नसताना, खुलासा केला. "सरची स्वतःची सेट निंगून नाई रायली ना अजून."

हा वार कमरेखालचा होता. सहायक प्राध्यापक व्हायला जी राज्याची परीक्षा देतात तिचंही नाव सेट. पुण्याचं विद्यापीठ घेतं. दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण, आणि दोन्ही पेपरांना बसलेल्यांतले साधारण ६ टक्के पात्र. उरलेल्या ९४ मध्ये मी तीनदा आहे. तोवर तासिका तत्त्वावर शिकवतो. उन्हाळ्याआधी घेतलेल्या तासांचं मानधन गणपती बसताना येतं, आलं तर. माझ्याबरोबरचे दोघे सेट झाले, तेही अजून तासिका तत्त्वावरच आहेत. म्हणजे सेट झाले पण सेट नाही झाले. हे वाक्य कुठल्या गाइडमध्ये आहे का बघा. मुलीकडचे लोक बैठकीत हमखास एकच विचारतात, "मुलगा सेट आहे ना?" तेव्हा मामा माझ्याकडे बघतात आणि मी पोह्यांकडे.

आणि पोट्ट्याचं तरी काय. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आम्हाला पाचवीत ए-बी-सी-डी भेटली होती. याला आठ वर्षं झाली शिकून, आणि सेटचा अर्थ विचारायला एसटीची वाट बघणारा माणूस गाठावा लागतो.

घरी आल्यावर चप्पल न काढता शोधाशोध केली. ऑक्सफर्डच्या १९८९ च्या थोरल्या कोशात या एका क्रियापदाचे ४३० अर्थ नोंदलेत. जरा बरं वाटलं, चारशे तीसपैकी सहा तर मी आलुबोंडा खाताखाता सांगितले होते. मग व्युत्पत्ती वाचली. सेट जुन्या इंग्रजीतल्या 'सेट्टन'वरून आला, आणि ते 'सिट'चं प्रयोजक रूप. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. फॉल आणि फेल (fell, नापासवालं नव्हे), पडणे आणि पाडणे, तशीच ही जोडी. आईच्या कपाटातला कपबशांचा सेट मात्र वेगळ्या घरचा, तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला.

एम. ए.ला भाषाविज्ञानाचा आख्खा पेपर होता. हे कुणी शिकवलं नाही, किंवा त्या दिवशी माझी एसटी चुकली असेल.

काल पुन्हा फाट्यावर बाबाजी भेटले. पन्नी तीच, घर्र-घर्र तीच. "काय सर, सेट झालं का?"

"बसवून रायलो," एवढंच म्हणालो आणि रस्त्याकडे बघत उभा राहिलो. त्यांचं बरोबर होतं हे अजून सांगितलेलं नाही. सांगेन. मानधन आलं की सांगेन.