जवळून ऐकण्याची हौस

मैदानावर भरणाऱ्या रॉक कार्यक्रमांविषयी आम्हा निष्ठावंत चाहत्यांचे मत फारसे चांगले नसते. तिथे गायक बोटाच्या पेराएवढा दिसतो, आणि ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने येत असल्यामुळे शंभर मीटरवर उभ्या असलेल्या श्रोत्याला ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते आणि ठोका मागाहून ऐकू येतो. खरे संगीत ऐकावे ते छोट्या क्लबमध्ये, असे आम्ही ठामपणे सांगतो, आणि इतिहासही आमच्याच बाजूने साक्ष देतो. लिव्हरपूलचा कॅव्हर्न क्लब म्हणजे गोदामाखालचे तळघर होते. बीटल्स १९६१ ते १९६३ या काळात तिथे वाजवत, तेव्हा श्रोत्यांच्या घामाची वाफ होऊन ती भिंतींवरून ओघळत असे. न्यूयॉर्कच्या सीबीजीबी या चिंचोळ्या क्लबात १९७४ साली रमोन्स हा पंक, म्हणजे उग्र आणि वेगवान रॉक, वाजवणारा बँड प्रथम वाजवायला उभा राहिला. थोर संगीत कोंदट जागेत जन्माला येते हे एवढ्या पुराव्यानिशी सिद्ध झाल्यावर, एखाद्या कोंदट जागेत जाऊन उभे राहण्यावाचून चाहत्याला गत्यंतर उरत नाही.

तिकिटावर आठ वाजता दरवाजे उघडतील असे छापलेले असते आणि ते अक्षरशः खरे असते, कारण आठ वाजता केवळ दरवाजेच उघडतात. त्यानंतर बराच वेळ काहीही घडत नाही. मग एक नवखा बँड येतो, ज्याचे खरे श्रोते म्हणजे त्यातील कलावंतांचे मित्र आणि अवघडून उभी असलेली एखादी आई. दिव्यांच्या उष्णतेने गिटारच्या तारा पुन्हा पुन्हा उतरत असल्यामुळे या मंडळींचा निम्मा वेळ त्या सुरात आणण्यात जातो. ते गेले की काळा शर्ट घातलेला एक गृहस्थ मंचावर येऊन मायक्रोफोनमध्ये ‘चेक, वन, टू’ असे म्हणतो आणि ताटकळलेले लोक त्याच्यासाठीही टाळ्यांचा कडकडाट करतात. त्या टाळ्या अस्थानी आहेत असे मला कधीच वाटले नाही, कारण त्या रात्री ज्याचा शब्द न् शब्द समजला असा तो एकमेव वक्ता असतो.

परवाच्या कार्यक्रमाला मी वेळेआधी जाऊन मंचाच्या उजव्या अंगाला, खांबाजवळ, थेट दुसऱ्या रांगेत जागा पटकावली होती. पहिल्या रांगेत माझ्या नेमका पुढे जो तरुण येऊन उभा राहिला, त्याची उंची निसर्गाने कोणताही हिशोब न ठेवता वाढवलेली होती. जो बँड ऐकायला जायचे त्याच बँडचा टी-शर्ट घालून जायचे नाही, हा आमच्यातील अलिखित दंडक आहे, आणि त्याला अनुसरून त्याने दुसऱ्याच एका बँडच्या जुन्या दौऱ्याचा टी-शर्ट घातला होता. त्याच्या पाठीवर त्या दौऱ्यातील शहरांची नावे आणि तारखा क्रमाने छापलेल्या होत्या. माझ्या आवडत्या बँडची पहिली चार गाणी होईपर्यंत मला तो संपूर्ण दौरा पाठ झाला. पाठीच्या वरच्या बाजूला मान आणि दोन कान दिसत होते, आणि त्या कानांत नारिंगी रंगाचे इअरप्लग होते. पैसे मोजून गाणे ऐकायला यायचे आणि वर कानात बोळे घालायचे, या प्रकाराकडे मी जितक्या तुच्छतेने पाहता येईल तितक्या तुच्छतेने पाहिले.

वास्तविक विज्ञान त्याच्या बाजूने होते. अमेरिकेतील ‘नायॉश’ ही कामगारांच्या आरोग्याचा विचार करणारी संस्था सांगते की १०० डेसिबलच्या आवाजात दिवसाकाठी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त राहू नये. पंधरा मिनिटे तर ड्रमरला घाम पुसण्यातच लागतात. पण माझी खरी तक्रार आवाज मोठा असण्याबद्दल नाही. तो कोणाचा आहे हे कळत नाही, याबद्दल आहे. छोट्या क्लबात मंचाजवळ उभे राहिले की ड्रम्स आणि गिटारचे ॲम्प, म्हणजे तिचा आवाज वाढवणारी यंत्रे, थेट अंगावर येतात, मात्र गायकाचा आवाज ज्या स्पीकरमधून बाहेर पडतो ते दोन्ही कडांना, आपल्या डोक्यांवरून मागच्या लोकांकडे तोंड करून लावलेले असतात. म्हणजे गायकावर ज्यांचा सर्वाधिक जीव, तेच धडपडत पुढे येतात आणि त्यांनाच त्याचे गाणे सर्वांत कमी ऐकू येते. सगळ्यात चांगला आवाज असतो तो मागे, साउंड इंजिनिअरच्या शेजारी, जिथे काही जाणकार हाताची घडी घालून उभे असतात आणि चुकूनही नाचत नाहीत. शिवाय रिकाम्या सभागृहात कसून जुळवलेला आवाज माणसे भरल्यावर बदलतो, कारण माणसांची अंगे आणि कपडे उंच स्वर शोषून घेतात. तिकीट काढून मी आत जाते ती मुख्यतः ध्वनिशोषक म्हणून, हे ध्यानात आल्यावर मी माझे काम अधिक मन लावून करू लागले.

‘आता एक नवे गाणे’ अशी घोषणा झाली की अर्धी गर्दी स्वच्छतागृहाकडे वळते. मी वळत नाही, कारण सोडलेली जागा परत मिळत नाही, आणि क्लबच्या स्वच्छतागृहांची कीर्ती मला ठाऊक आहे. सीबीजीबीचे स्वच्छतागृह तर इतके कुप्रसिद्ध होते की न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१३ साली पंकच्या वेशभूषेवरील प्रदर्शनात त्याची हुबेहूब प्रतिकृती उभारली. ती प्रतिकृती वापरायची नव्हती, एवढाच काय तो दिलासा.

शेवटी एन्कोरचे, म्हणजे निरोप घेऊन श्रोत्यांच्या आग्रहाखातर पुन्हा मंचावर येण्याचे, नाटक झाले. बँडने निरोप घेतला. ॲम्पवरचे लाल दिवे तसेच जळत होते, सभागृहातले दिवे कोणी लावले नव्हते आणि जमिनीला चिकटवलेल्या यादीत आणखी दोन गाणी शिल्लक असल्याचे पहिल्या रांगेने मोठ्याने वाचूनही दाखवले होते, तरी आम्ही सर्वजण कायमच्या ताटातुटीचा प्रसंग आल्यासारखे ओरडत होतो. मोठ्या सभागृहात कलावंतांना अशा वेळी आत जाऊन बसता येते. या क्लबात मंचामागे भिंत होती. त्यामुळे चौघेही बाजूच्या चार पायऱ्या उतरून खांबाच्या आड, म्हणजे माझ्यापासून हातभर अंतरावर, अंग चोरून उभे राहिले आणि आपण इथे नाहीच असा चेहरा करून आमच्या आरोळ्या ऐकू लागले.

ज्याच्या गाण्यांचे सगळे शब्द मला तोंडपाठ आहेत तो गायक माझ्याकडे वळला आणि थेट माझ्या डोळ्यांत पाहून काहीतरी म्हणाला. माझ्या कानांना दडे बसले होते. मी आनंदाने मान डोलावली. त्याने तेच वाक्य हातवारे करून पुन्हा म्हटले, तेव्हा मी दोन्ही हात हृदयाशी नेऊन त्याचे आभार मानले. तो हताशपणे माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहू लागला. तेवढ्यात पुढचा उंच तरुण मागे वळला, माझ्या कानाजवळ वाकला आणि सर्व शक्ती एकवटून ओरडला, “ताई, तो म्हणतोय, तुम्ही पायरी अडवून उभ्या आहात!”